जादूच्या कादंबरीबद्दल खुलासा
मालवणात दोन दिवस मेसेज फिरतोय: वाचनालयातली जादूची किशोर-कादंबरी, जिच्यात दोन मुली प्रेमात पडतात, कायद्याने बंद आहे. हे साफ खोटं आहे. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा जादूच्या नावाखाली माणसांना लुबाडणाऱ्या, छळणाऱ्या भोंदूंसाठी आहे. गोष्टीतल्या चेटकिणीला तो लागत नाही. देवचाराच्या गोष्टी ऐकतच तर आपण वाढलो. राहिलं समलिंगी संबंधांना गुन्हा मानणारं, जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३७७. सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजीच गुन्ह्यातून वगळले. अशा लग्नाला कायद्याची मान्यता अजून नाही, पण कथा वाचण्याशी त्याचा काय संबंध? पुस्तक मी वाचलंय. पावसाळी दमटाने पानं फुगलीत, मागच्या कार्डावर शिक्का मारायला जागा उरलेली नाही. ते कपाटातच आहे, मुलांनी खुशाल न्यावं.