टक्का वाढला म्हणजे सरकार पडणार? जुने आकडे तरी बघा

मतदान संपत आलं की एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो. मतदानाचा टक्का वाढला म्हणजे लोक चिडलेत, सरकार गेलं. टक्का घसरला तर सरकार सेफ. आणि जे वाढलं ते सगळं नवीन पोरांचं, तेही विरोधात.

पहिल्या दाव्याला 1977 चा दाखला देतात. बरोबर आहे, 1971 ला 55 टक्के होतं ते 60 वर गेलं आणि इंदिरा गांधी हरल्या. पण मग 1984 ला टक्का 64 च्या आसपास गेला तेव्हा सत्तेतल्याच काँग्रेसने 400 पार केलं त्याचं काय करायचं? 2014 ला 66, सरकार बदललं. 2019 ला 67, तेच सरकार आणखी जागा घेऊन परत आलं.

दुसऱ्या दाव्याला फार वेळ द्यायला नको. 1980 आणि 2004, दोन्ही वेळा टक्का आधीपेक्षा कमी, दोन्ही वेळा सत्ताधारी आडवे.

आता पोरांचं. अहो टक्का हा भागाकार आहे, वर पडलेली मतं आणि खाली यादीतली नावं, त्यामुळे मयत आणि गाव सोडून गेलेल्यांची नावं काढली की एकही जादा माणूस बूथवर न येता टक्का चढतो. बिहारमध्ये 2025 ला यादी छाटली गेली, टक्का 2020 च्या 57 वरून 67 च्या घरात. अर्थात तिथे मतंही खरंच वाढली, पण डोळ्यात भरल्या त्या बायका, त्यांचं मतदान 71 च्या वर, पुरुषांचं 63 च्या आसपास (त्यात कामासाठी परराज्यात असलेले पुरुष यादीत असतात, बूथवर नसतात, हेही धरा). निवडणुकीच्या तोंडावर महिलांच्या खात्यात 10,000 रुपये आले होते. निकाल? सत्ताधारी आघाडीला 243 पैकी 202.

आणि या फॉरवर्डमध्ये नसतंच ते म्हणजे मत फिरणं. आपला मतदार घरी बसला तर लीड एकाने घटतं, तोच समोरच्याकडे गेला तर दोनाने, आणि टक्का मात्र जिथल्या तिथे! 2019 ते 2024 देशाचा टक्का जेमतेम एक-दीडाने हलला, भाजपची मतं 37 टक्क्यांवरून साडेछत्तीसच्या आसपास आली, आणि जागा 303 वरून 240. एकट्या उत्तर प्रदेशात 62 वरून 33, कारण बरीच आहेत, पण 2019 ला वेगळे लढलेले सपा आणि काँग्रेस यावेळी एकत्र होते हे त्यातलं एक, आणि ते मतदानाच्या दिवशी पाच वाजता येणाऱ्या टक्केवारीत कुठेच दिसत नव्हतं.