चार बोल्टचं काम

घरात सायकली चार आणि गाडीची डिकी एक, म्हणून ठरलं की टोबार, म्हणजे गाडीमागे ट्रेलर जोडायचा लोखंडी बार, बसवायचा आणि त्यावर सायकल रॅक. इथे इंग्लंडमध्ये फिटरने बसवायचे जे पैसे सांगितले ते ऐकून मी बायकोला म्हटलं, "चार बोल्टचं तर काम आहे." हे वाक्य आता आमच्याकडे कशालाही वापरतात, परवा कुकरची शिट्टी बसेना तेव्हापण वापरलं.

बार ऑफरमध्ये मिळाला तो नेमका नोव्हेंबरात. व्हिडिओतला माणूस वीस मिनिटांत बंपर काढतो, पण त्याच्या व्हिडिओत पाऊस नाही. आधी मागचे दिवे काढा, मग चाकावरचं प्लॅस्टिक, मग खालचे स्क्रू, आणि मग दोघांनी दोन बाजूंनी बंपर ओढायचा. "सोड सोड" "अगं धर" "नक्की काय करू?" आणि टक्. एक क्लिप गेली. आतला लोखंडी बीम काढून त्याजागी हे वीसेक किलोचं धूड लावायचं, म्हणजे मी ओल्या ड्राइव्हवेवर पाठीवर, बार छातीवर, आणि भोकं जुळतायत का ते बायको टॉर्च मारून बघतेय, टॉर्च माझ्या डोळ्यात.

तेवढ्यात सांगलीहून अण्णांचा व्हिडिओ कॉल. गाडीचा मागचा भाग गायब बघून पहिला प्रश्न, "कुणी ठोकली रे?" मग सगळं ऐकून घेतलं, रॅकच्या दिव्यांसाठीचं तेरा पिनांचं सॉकेटपण दाखवलं, तर म्हणाले, "आपल्याकडं एका पिनीवर दोन ट्रॉल्या ऊस कारखान्यावर जातोय, आणि तुझ्या चार सायकलींना तेरा?"

उत्तर नव्हतं. वायरिंग मात्र होतं. पिवळी डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, पांढरी अर्थिंग, इथवर मी राजा. पण तपकिरी उजवा टेललाइट आणि काळी डावा, आणि इथे नोव्हेंबरात चार वाजताच अंधार पडतो, त्या अंधारात तपकिरी आणि काळी ओळखून दाखवा. माझ्या बहुतेक उलट्या लागल्यात. दोन्ही दिवे एकदमच पेटतात त्यामुळे कुणाला कळत नाही, मीही बोललेलो नाही.

रात्री दहाला बंपर परत चढला, खालून टोबारचा 50 मिलिमीटरचा गोळा ऐटीत बाहेर. गाडी जरा रिव्हर्स घेतली तर सेन्सर किंचाळायलाच लागला, थांबेचना. बायको दारातून ओरडली, "अहो थांबा, मागे काहीतरी आहे!"