आजारी पोर बसमध्ये आणायचं नाही तर काय पाठीवर बांधून पळायचं?

"इत्ता बीमार बच्चा है तो घर से निकले ही क्यों?" हे वाक्य ज्याने कोणी पहिल्यांदा काढलं ना, त्याला मला एकदा भेटायचंय. अरे बाबा, आजारी आहे म्हणूनच निघाली ना ती! पोर ठणठणीत असतं तर ती घरी पोळ्या लाटत असती नाहीतर कामावर गेली असती, तुमच्या खचाखच भरलेल्या बसमध्ये तुमची कोपरं खात उभी नसती राहिली. आमच्या इंदूरला सकाळच्या वेळी एमवायकडे, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्याकडे जाणाऱ्या बसमध्ये कडेवर तापलेलं लेकरू आणि हातात एक्स-रेची पिशवी घेऊन जी बाई चढते ती काय राजवाडा बघायला निघालेली असते का? पण नाही. तोंड दिलंय देवाने, ते चालवलंच पाहिजे.

मी राजेंद्रनगरहून पलासियाला ऑफिसला जाते, जाणं-येणं बसनेच, त्यामुळे हे सगळं रोज डोळ्यांसमोर असतं आणि रोज डोकं फिरतं. परवाचं सांगते. भंवरकुआंला एक बाई चढली, पोरगं असेल तीन-साडेतीन वर्षांचं. हाताला सलाइनची सुई तशीच लावून ठेवलेली, वर पांढरी चिकटपट्टी, आणि हात वाकू नये म्हणून खाली औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा बांधलेला, पट्टीच्या बाहेर त्या खोक्यावरचं अर्धं नाव दिसत होतं. ज्यांची पोरं इंजेक्शनच्या कोर्सवर असतात त्यांना माहितीये, दर वेळी नव्याने टोचायला नको म्हणून ती सुई दोन-तीन दिवस तशीच ठेवतात, आणि त्या हाताला कोणाचा जरा धक्का लागला की पोर जीव जाईपर्यंत किंचाळतं. तर ही बाई एका हाताने वरचा दांडा धरून, दुसऱ्या हातावर पोर, आणि पोराचा तो पुठ्ठ्यावाला हात स्वतःच्या हनुवटीखाली दाबून उभी. पुढच्या सीटवरचे सगळे एकदम खिडकीबाहेर बघायला लागले, जणू नवलखा चौक आयुष्यात पहिल्यांदा बघतायत! मी मागे दाराजवळ अडकलेली, तिथूनच ओरडले, "भिया, सीट दे दो उनको." ढिम्म. एकाने तर डोळेच मिटून घेतले, सकाळी साडेनऊला कसली झोप लागते रे तुला?

मग ड्रायव्हरने मारला ब्रेक, समोर कोणी ई-रिक्षावाला घुसला असेल, आणि पोराने ओकारी केली. अर्धी आईच्या पदरावर, अर्धी खाली, आणि थोडी एका काकांच्या बुटावर. झालं. काका असे उसळले की जणू ॲसिडच टाकलंय. आणि काय म्हणाले माहितीये? "मॅडम, ये इंदौर है, नंबर वन सिटी है, यहाँ गंदगी नहीं चलेगी." तीन वर्षांच्या पोराच्या उलटीवर स्वच्छतेचं भाषण! बरं, २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात आपलं शहर वर्षानुवर्षं पहिलं येतंय याचा मला पण अभिमान आहे, कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की मी पण पोळी तव्यावर सोडून खाली पळते, ओला वेगळा सुका वेगळा सगळं करते, पण म्हणून आजारी लेकराने ओकायचं पण तुमच्या परवानगीने का? आणि पुढचं ऐका, एवढं बोलून काकांनी खिडकीची काच सरकवली आणि बाहेर गुटख्याची पिंक टाकली. देवाशपथ. ती गंदगी नाही, ती संस्कृती!

ती बाई बिचारी पदराने फरशी पुसायला खाली वाकली, पोर कडेवर तसंच. कोणी एक थैली पुढे केली नाही, पाण्याची बाटली नाही. शेवटी मी माझ्या डब्याची पिशवी आणि आदल्या दिवशीचा पेपर हातोहात पुढे पाठवला, तर तो पुढे सरकवताना पण लोकांच्या चेहऱ्यावर असे भाव की मी बॉम्बच पाठवतेय.

अरे, लहान पोरांना गाडी लागते, सगळ्यात जास्त दोन ते बाराच्या वयात लागते, यात आईने काय मुद्दाम केलेलं नसतं. कानाच्या आतला भाग डोक्याला सांगतो आपण हलतोय, आणि डोळ्यांसमोर फक्त कोणाची तरी पाठ आणि बॅग, ते सांगतात की सगळं जागच्या जागी आहे, या भांडणात पोटातलं बाहेर येतं. म्हणून तर पुढची, समोरचा रस्ता दिसणारी सीट लागते अशा पोराला, मागच्या चाकावरची नाही जिथे प्रत्येक खड्ड्याला माणूस वीतभर उडतो. त्यात ताप, रिकामं पोट आणि वरून ॲंटिबायोटिक, मोठा माणूस पण ओकेल की. पण आमच्याकडे पुढच्या सीटा पकडून बसणार कोण तर धडधाकट लोक, का तर लवकर उतरता येतं.

आणि ब्रेकचं म्हणाल तर ते पण वाढलेत. २०१३ पासून निरंजनपूर ते राजीव गांधी चौक बसला स्वतःची लेन होती, निदान बस एका गतीने जायची. २०२५ मध्ये हायकोर्टाने तो बसच्या लेनचा कॉरिडॉर काढायला हो म्हटलं, मग तोडफोड सुरू झाली, आणि आता बस पण सगळ्यांच्या गर्दीत धक्के खात चालते. कॉरिडॉर बरा होता की वाईट हा वाद वेगळा, त्याच्यावर आमच्या घरी जेवताना भांडणं झालीत, पण धक्का आधी कोणाला लागतो तर उभ्याने पोर धरलेल्या बाईला, एवढं तरी कळायला काय इंजिनिअर व्हावं लागतं?

दुसरी जमात म्हणजे सल्लेवाले. यात आमच्या मराठी काकवा अजिबात मागे नाहीत हो, उगाच दुसऱ्यांना नावं कशाला ठेवू. पोर रडायला लागलं की, "अगं टोपी घाल त्याला, वारं लागतंय, कान झाक." त्याला ताप आहे काकू! तापात अंगातली उष्णता बाहेर जायला पाहिजे, हलके कपडे पाहिजेत, आणि तुम्ही त्याला मे महिन्यात स्वेटर घालायला लावताय. खिडकीवरून तर महायुद्ध, एक म्हणते उघड दुसरी म्हणते लाव, आणि आई मध्ये गुन्हेगारासारखी. मग चौकशी सुरू. काय झालंय, कधीपासून, कोणाला दाखवलं, अरे त्याला का दाखवलं, आमच्या भाच्याचं त्याने असंच केलं होतं... त्या बाईची रात्र जागून गेलीये, तोंडातून शब्द फुटत नाहीये तिच्या, आणि तुम्हाला केस हिस्ट्री पाहिजे.

एकदा तर तापात एका मुलीला झटके आले बसमध्ये. पाच-सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या काही मुलांना ताप झपकन चढला की असं होतं, बघायला भयंकर वाटतं पण बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतं. करायचं एवढंच की पोराला कुशीवर वळवायचं, आजूबाजूची जागा मोकळी करायची, तोंडात काहीच घालायचं नाही, घड्याळ बघायचं, आणि पाच मिनिटं उलटूनही थांबलं नाही तर बस सरळ हॉस्पिटलला पळवायची, थांबलं तरी दाखवायचं. आणि आमच्या बसमध्ये काय चाललं होतं? एक जण चप्पल काढून नाकाला लावतोय, दुसरा ओरडतोय कांदा आणा, तिसरी चमचा शोधतेय दातात घालायला, आणि चार जण मोबाईल वर करून व्हिडिओ काढतायत. बाप रडतोय आणि हे व्हिडिओ काढतायत! सुपर कॉरिडॉर नावाच्या रस्त्यावर मेट्रो सुरू झाली तेव्हा रील काढायला झुंबड उडाली ते समजू शकते, मजा असते लोकांची, पण कोणाच्या लेकराच्या झटक्यांची रील? कंडक्टरने मात्र त्या दिवशी शहाणपणा केला, सगळ्यांना मागे ढकललं आणि ड्रायव्हरला सांगितलं कुठे थांबू नको. त्याला मार्क आहेत माझ्याकडून.

आणि मास्कवालं पोर दिसलं की जे दूर सरकतात ना, त्यांच्यासाठी वेगळं लिहायला पाहिजे. डोक्यावर केस नाहीत, टोपी, मास्क, बारीकसे हात. लोक नाकाला रुमाल लावून बाजूला होतात, "छूत की बीमारी होगी." अरे अडाण्यांनो, कॅन्सरच्या पोराला मास्क तुमच्यासाठी नाही घातलेला, तुमच्यापासून घातलाय! औषधांनी त्याची ताकद इतकी कमी झालेली असते की तुमची साधी सर्दी त्याला हॉस्पिटलात पोचवेल. लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा जो रक्ताचा कॅन्सर आहे त्याचा इलाज दोन-अडीच वर्षं, कधी तीन वर्षं चालतो, आणि त्यातला खूपसा काळ मूल घरी राहूनच जा-ये करतं. म्हणजे विचार करा किती वेळा ते घर बसमध्ये चढत-उतरत असेल. चिकटणार काहीच नाही त्याच्यापासून, तुम्ही फक्त खोकताना तोंड तिकडे वळवा. तसंच दम्याच्या पोराचं, तो खोकतो म्हणजे जंतू उडवतो असं नाही, धूळ आणि तुमच्या अत्तराचा फवारा पुरतो त्याला.

हां, खरंच सर्दी-खोकला पसरतोय असं वाटत असेल तर स्वतः मास्क लावा ना, २०२० नंतर प्रत्येकाच्या घरात कुठल्या तरी खिशात एक पडलेलाच आहे, खिडकी उघडा, तोंड वळवून बसा. काळजी घेण्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, पोराच्या आईकडे बघून तोंड वाकडं करण्याबद्दल आहे.

बाप असेल तर अजून हाल. गंगवाल बसस्टँडवरून बसलेला एक माणूस होता, धार-झाबुआकडचा असणार, मुलगी खांद्यावर टाकलेली, पायाला प्लास्टर. झाबुआ म्हणजे दीडशे किलोमीटर, रात्रीच निघाला असणार तो. महिलांच्या सीटजवळ जाऊन उभा राहिला की कोणी तरी मुलीला तरी बसवून घेईल, तर एक ताई लगेच, "भैया, लेडीज सीट है." लेडीज सीट आहे हो, आणि त्याच्या खांद्यावर काय आहे, बटाट्याचं पोतं? सहा वर्षांची लेडीजच आहे ना ती! शेवटी मंडीतून आलेला एक हम्माल होता, त्याने आपली रिकामी पोती घडी करून दाराजवळ टाकली आणि म्हणाला बैठ जाओ. पगारदार, शिकलेले, इस्त्रीवाले आम्ही सगळे सीटवर, आणि जागा काढून दिली कोणी तर ज्याला स्वतःला सीट नव्हती त्याने.

आता कोणीतरी म्हणणारच, "एवढी अडचण आहे तर ऑटो करायचा, टॅक्सी करायची." हे तर मला सगळ्यात जास्त झोंबतं. सरकारच्या आयुष्मान कार्डावर वर्षाला कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचा इलाज होतो, अगदी खरं, पण भरती झाल्यावर. ओपीडीला दाखवायला या, पट्टी बदलायला या, रिपोर्ट घ्यायला या, रिपोर्ट आज नाही आला परवा या, हे सगळं आपल्या खिशातून, आणि ज्या दिवशी पोराला घेऊन यायचं त्या दिवशीची मजुरी पण बुडालेली. १०८ची ॲम्ब्युलन्स इमर्जन्सीला असते, टाके काढायला ती येत नाही. आधी गावाहून बस, मग शहरात बस, बसमधून उतरून रांग, रांगेतून पर्ची, आणि परत तेच उलटं. त्यात ऑटोवाला दवाखान्याचं नाव ऐकलं की भाव वाढवतो ते वेगळंच. तेव्हा ऑटोचा सल्ला द्यायचा असेल तर पैसे पण द्या. सकाळी नऊला सरवटे बसस्टँडवर या, पाकीट घेऊन या, कडेवर पोर आणि हातात फाइल घेतलेले कितीतरी लोक तिथे दिसतील, करून द्या एकेकाला ऑटो. नाही ना जमत? मग उठा, सीट द्या आणि गप्प उभे राहा.