यातला अंकल कोण?

शनिवारी रात्री मित्राच्या घरी आम्ही सहा जण जमलो होतो. बघायची होती मॅच, पण ती पावसाने धुवून नेली. मग काय लावायचं यावर नेहमीप्रमाणे अर्धा तास काथ्याकूट झाला आणि शेवटी मी माझं घोडं पुढे दामटलं. ‘द मॅन फ्रॉम अंकल’, दिग्दर्शक गाय रिचीचा सिनेमा, २०१५ चा. मी चौथ्यांदा बघणार होतो, बाकी सगळे पहिल्यांदा. मित्राचे वडील दारातूनच म्हणाले, "अंकल? म्हणजे यातला काका कोण?" म्हटलं, "बसा ना काका, कळेलच." सुपारीचा डबा घेऊन बसले बिचारे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साल १९६३, शीतयुद्धाचा काळ. अमेरिकन गुप्तहेर संघटना सीआयएचा नेपोलियन सोलो, मूळचा चोर, पकडला गेला म्हणून सरकारी नोकरीला लागलेला. तिकडे सोव्हिएत रशियाची तशीच संघटना केजीबी, तिचा इल्या कुर्याकिन, तापट डोक्याचा राक्षस. पूर्व बर्लिनच्या गल्ल्यांमध्ये एकमेकांच्या जिवावर उठलेल्या या दोघांना त्यांचे साहेब दुसऱ्या दिवशी समोरासमोर बसवतात आणि सांगतात, आता जोडीने काम करा. सोबत गॅबी, गॅरेजात गाड्या दुरुस्त करणारी पोरगी. अणुबॉम्ब बनवायच्या मागे लागलेलं एक श्रीमंत इटालियन घराणं. झालं. गोष्ट एवढीच आहे आणि बसच्या तिकिटाच्या मागे लिहून वर जागा उरेल.

आणि नेमका तिथूनच वाद पेटला. आमच्यातल्या सीएचा निकाल सिनेमा संपायच्या आधीच तयार होता. "दोन तास सुटांची जाहिरात बघितली राव." दुसरा मारामारीचा शौकीन, त्याचं दुखणं वेगळं. शेवटी बेटावर हल्ला होतो तो रिचीने पडद्याचे तुकडे करून, कॉमिकच्या चौकटींसारखा भराभर उरकलाय. "मुख्य फायटिंगच ढापली! जेवायला बोलावून नुसता मेनू वाचून दाखवला." यावर मी गप्प. कारण खरं सांगायचं तर मलाही तिथे दर वेळी तसंच वाटतं.

पण सुटांच्या जाहिरातीवर मी गप्प बसणार नव्हतो.

तो ट्रकचा सीन आठवा. दोघं शत्रूच्या कारखान्यातून बोटीने पळतायत, मागे दुसरी बोट, गोळ्या सुटतायत. सोलो पाण्यात पडतो, पोहत काठाला लागतो आणि तिथे उभ्या असलेल्या एका ट्रकमध्ये जाऊन बसतो. आत कुणाचा तरी डबा ठेवलेला. गडी रेडिओ लावतो, पेपिनो गॅलियार्डीचं जुनं इटालियन गाणं लागतं. मग सँडविच काढतो, वाइन ओततो आणि शांतपणे खायला लागतो. काचेपलीकडे इल्या बोट घेऊन गरगर फिरतोय, जीव वाचवायला धडपडतोय. आवाज मात्र आपल्याला फक्त गाण्याचा. शेवटी सोलो एक सुस्कारा टाकतो, ट्रक सुरू करतो आणि थेट पाण्यात, त्या मागच्या बोटीवर नेऊन घालतो.

काका सुपारी कातरायची थांबले. म्हणाले, "याला म्हणतात फुरसत."

मला चार वेळा बघून जे नीट सांगता येत नव्हतं ते काकांनी चार शब्दांत सांगितलं. विनोद संवादात नाहीच. विनोद आहे तो त्याच्या ऐटीत. या माणसाला मरणापेक्षा सुटाची इस्त्री महत्त्वाची वाटते. पुढे एका नाझी छळवाद्याला त्याच्याच विजेच्या खुर्चीत बसवलेलं असतं. हे दोघं बाहेर उभे राहून त्याचं काय करायचं याची चर्चा करतायत आणि मागे काचेआड खुर्ची बिघडून तो पेटलाय. सोलोला वाईट कशाचं वाटतं? तर आपलं जाकीट आत राहिलं याचं! आता यातून कपडे काढून टाका (सीए, हसू नकोस), विनोद शिल्लक राहतो का ते सांगा.

कपड्यांवरून आठवलं. सगळ्यात बारकाईने बघितलं ते वहिनींनी. गॅबीला फॅन्सी दुकानात नेतात तिथे हे दोन खतरनाक हेर कशावरून भांडतात, तर तिच्या ड्रेसवर पाको राबान या फॅशन डिझायनरचा पट्टा शोभेल की नाही. सोलोच्या मते नाही, आणि तो रशियन रांगडा त्याला सुनावतो की मॅचिंग असायलाच पाहिजे असं काही नाही. वहिनी लोळून हसल्या. मग मोबाईल काढून म्हणाल्या, "पण गोष्ट ६३ सालची ना? पाको राबानचं पहिलं गाजलेलं कलेक्शन १९६६ चं आहे." अशा माणसांबरोबर सिनेमा बघायला मजा येते.

"पण जीव कुठाय यात? कुणी मेलं काय, जगलं काय, आपल्याला फरक पडत नाही," हा शेवटचा आरोप. मी म्हटलं, घड्याळ विसरलास. रोममध्ये इल्या साधा आर्किटेक्ट म्हणून वावरतोय. रात्री दोन गुंड अडवतात आणि त्याच्या हातातलं घड्याळ मागतात. ते त्याच्या बापाचं. एका बुक्कीत दोघांनाही आडवं करू शकणारा हा माणूस, पण सोंग उघडं पडू नये म्हणून हू की चू न करता घड्याळ काढून देतो. तेव्हा त्याची बोटं कशी थरथरतात ते पुन्हा बघा. आणि अगदी शेवटी, दोघांनाही एकमेकांना संपवायचे हुकूम आलेले असताना, सोलो ते घड्याळ त्याच्याकडे फेकतो. मला एवढं पुरतं. मित्राला नाही पुरलं. त्याला भाषण हवं होतं बहुतेक.

मग अपेक्षेप्रमाणे ‘किंग्जमन’ या दुसऱ्या हेरपटाचा विषय निघाला. छत्री, बूट, चर्चमधली ती मारामारी. तोही त्याच वर्षी आपल्याकडे लागलेला. मजा म्हणजे त्याचा दिग्दर्शक मॅथ्यू वॉन हा रिचीच्या पहिल्या दोन सिनेमांचा निर्माता, म्हणजे दोघं एकाच तालमीतले. वॉनच्या सिनेमाने जगभरात चाळीस कोटी डॉलरच्या वर गल्ला केला, रिचीचा अकरा कोटींच्या आसपास अडकला. किंग्जमनचे पुढचे भाग आले, याचा एकही नाही. चार जण तिकडे, वहिनी आणि मी इकडे. मला किंग्जमनही आवडतो, पण तो सारखा खांद्यावर हात मारून विचारतो, "बघितलंस ना काय केलं?" हा विचारत नाही.

आणखी एक गंमत मी सांगितली ती मात्र सगळ्यांना पटली. यात अमेरिकन सोलो झालाय ब्रिटिश हेन्री कॅव्हिल, रशियन इल्या झालाय अमेरिकन आर्मी हॅमर, जर्मन गॅबी म्हणजे स्वीडनची अलिशिया विकँडर आणि इटालियन घराण्याची सून ऑस्ट्रेलियात वाढलेली एलिझाबेथ डेबिकी. इंग्रज ह्यू ग्रँट तेवढा इंग्रजच. हेरांच्या सिनेमात सगळ्यांनीच वेषांतर केलेलं.

आणि तोच ह्यू ग्रँट अगदी शेवटी गच्चीवर येऊन या तिघांच्या नव्या टोळीचं सांकेतिक नाव सांगतो, अंकल. तोपर्यंत टोळीचं हे नाव सिनेमात कुठेच येत नाही. मी मागे वळून काकांना म्हटलं, "ऐकलंत का?" तर खुर्ची रिकामी. साडेदहाच्या पुढे ते कुणासाठीच जागत नाहीत.

सकाळी सव्वासहाला मेसेज : "काल काका सापडला का?"