शकुंतला आधी कापसाची, मग प्रवाशांची
विदर्भातल्या शकुंतला रेल्वेवरचा लेख आवडला पण सगळा भर तिच्या प्रवासी गाडीवरच दिलाय, मुळात ती लाईन टाकली कापसासाठी हो! यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, जवळपास 190 किमी, अडीच फुटी नॅरोगेज, मालकी किलिक निक्सन या ब्रिटिश फर्मच्या कंपनीची आणि गाड्या चालवणार जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे), नंतर मध्य रेल्वे. वऱ्हाडातल्या कापसाच्या गाठी मूर्तिजापूरला उतरवायच्या, परत ब्रॉडगेजच्या वॅगनीत भरायच्या आणि मग मुंबई, पुढे मँचेस्टर. ही डबल हमालीच ट्रक आल्यावर महागात पडली असं माझं मत. अमेरिकेत रेल्वेवरचे सरकारी निर्बंध सैल करणाऱ्या 1980 च्या स्टॅगर्स कायद्यानंतर अशा कितीतरी शाखा छोट्या कंपन्यांनी घेऊन मालगाड्या चालू ठेवल्या. इथे ब्रॉडगेज करताना यवतमाळ, दारव्ह्याला मालधक्का द्याच, कापूस तूर सोयाबीन अजून तिथंच पिकतंय ना.