मोज्यावरची खूण

सकाळी चहा घेता घेता फोन उघडला आणि डोकंच फिरलं. परवा मी हॉलंडमधल्या स्टेनबर्गन गावातल्या दोन थडग्यांचा फोटो टाकला होता ना, त्याखाली माझ्या सख्ख्या मावसभावाची कॉमेंट. "ताई, इंग्रजांच्या मढ्यांवर फुलं वाहायची एवढी हौस? आपले हुतात्मे कमी पडले का?" पुढे दात काढणारे तीन चेहरे. वर सतरा लाइक! त्यातले चार जण माझ्या हातचं जेवून गेलेले आहेत, नावं घेत नाही.

तिथेच उत्तर लिहायला घेतलं होतं. ते लांबत गेलं, म्हणून इथे लिहितेय.

आधी हे, की मी फुलं वाहिली नव्हती. लेकीकडे हॉलंडला गेले होते. जावई म्हणाले, "आई, इथे एका छोट्या गावात सिमल्यात जन्मलेल्या एका वैमानिकाचं थडगं आहे. येता का?" म्हटलं चला, घरात बसून तरी काय करायचं. भुरभुर पाऊस होता. लहानशी कॅथलिक दफनभूमी, आणि शेजारी शेजारी दोन थडगी : गाय गिब्सन आणि त्याचा नॅव्हिगेटर जेम्स वॉरिक. एक डच आजी झारीने तिथल्या रोपांना पाणी घालत होत्या. पावसात! मला हसूच आलं. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि जावयांना काहीतरी विचारलं. जावई म्हणाले, "इंडिया." आजींनी थडग्याकडे बोट केलं, म्हणजे हाही तिकडचाच. मग वाकून पँट घोट्याच्या वर ओढली आणि स्वतःचा मोजा चिमटीत धरून मला दाखवला.

मला काही कळेना. जावयांनी समजावलं तेव्हा अंगावर काटा आला. विमान पडून पेटलं, त्यात ओळख पटावी असं फारसं उरलंच नव्हतं. गिब्सनचं नाव सापडलं ते एका मोज्यावर, लाँड्रीच्या पट्टीवर. धोब्याची खूण हो! मी वसतिगृहात गेले तेव्हा माझ्या आईने रात्रभर जागून प्रत्येक कपड्याच्या आत लाल दोऱ्याने माझं नाव घातलं होतं. कपडे हरवू नयेत म्हणून. तेवढ्यासाठीच असतं ना ते?

आता माझ्या भावाला सांगते की हा "इंग्रज" कोण होता. जन्म १२ ऑगस्ट १९१८, सिमला. वडील इथल्या जंगलखात्यात अधिकारी. सहा वर्षांचा असताना आईबरोबर इंग्लंडला गेला, १९३६ मध्ये हवाई दलात शिरला. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा एकवीस वर्षांचा. आधी हॅम्पडन बॉम्बर, मधे रात्री लढणारी बोफायटर, मग लँकॅस्टर. चोविसाव्या वर्षी त्याच्या हातात नवी तुकडी दिली, ६१७ स्क्वॉड्रन, आणि काम दिलं जर्मनीतली धरणं फोडायचं. बार्न्स वॉलिस नावाच्या इंजिनियरने पाण्यावर टप्पे घेत जाणारा बॉम्ब काढला होता. आपण तळ्यात चपटा दगड भिरकावून भाकऱ्या काढतो ना, तसा. पण तो टाकायचा तर रात्री, पाण्यापासून फक्त साठ फुटांवरून. उंची कळावी म्हणून विमानाच्या पोटाला दोन दिवे लावले होते. दोन्ही उजेड पाण्यावर एकत्र आले की साठ फूट. आणि समोरून तोफा.

१६ मे १९४३ ची रात्र. मोन धरणावर पहिला बॉम्ब गिब्सनने टाकला. धरण फुटलं नाही. दुसरा हॉपगुड नावाच्या वैमानिकाने, त्याचं विमान पेटून कोसळलं. मग गिब्सनने काय केलं माहितीये? आपलं काम झालेलं असताना तो परत फिरला आणि पुढच्या वैमानिकांच्या बाजूने उडत राहिला, तोफांचा मारा आपल्याकडे वळावा म्हणून. पाचव्या बॉम्बला धरण फुटलं. पुढे एडर धरणही फुटलं. एकोणीस विमानं निघाली होती, आठ परतलीच नाहीत. एकशे तेहेतीस जणांपैकी त्रेपन्न मेले. गिब्सनला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ब्रिटनचं शौर्याचं सर्वोच्च पदक.

देव वगैरे नव्हता तो. हाताखालच्यांशी तुसडा वागायचा, मागून त्याला 'पोरगा बादशहा' म्हणायचे. बरं, हेही मान्य, की त्याच १९४३ मध्ये बंगालमध्ये आपली माणसं अन्नावाचून मरत होती आणि लंडनला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मान्य! पण ते त्या मोज्यातल्या पोराने ठरवलं होतं का?

आणि एक गोष्ट भावाने विचारली नाही, मीच सांगते, कारण ती मला जास्त छळते. धरण फुटलं तेव्हा खाली तेराशे ते सोळाशे माणसं बुडाली. त्यातली बरीचशी जर्मनसुद्धा नव्हती. खालच्या नेहाइम गावाजवळ एक छावणी होती, युक्रेन-रशियातून वेठबिगारीला धरून आणलेल्या बायकांची. त्यांच्या कपड्यांवर कोणी नावं घातली असतील असं वाटत नाही. हे लिहिताना मगाचा राग जरा उतरलाय. या बायकांचं दुःख मला त्या थडग्यासमोर उभं राहूनही होत होतं. एकाच माणसाच्या बाबतीत दोन्ही वाटू नये असं कुठे लिहिलंय?

पण "आपले हुतात्मे"वर मात्र पुन्हा तापतेय. माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. त्याच्या जवळून किती वेळा गाडी नेलीस रे, कोकणात जाताना? एकदा तरी थांबलास? १० जुलै १९४४, इटली, वय बावीस. मशीनगनच्या ठाण्यावर एकटे धावून गेले आणि तिथेच पडले. त्यांनाही तोच व्हिक्टोरिया क्रॉस, त्याच राजाचा. त्यांना तर थडगंही नाही, इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर नाव कोरलंय तेवढंच. मग तेही इंग्रजांचेच का? सांग ना.

घाडग्यांनंतर दहा आठवड्यांनी, १९ सप्टेंबरला गिब्सन गेला. धरणांच्या मोहिमेनंतर त्याला अमेरिका-कॅनडात भाषणं देत फिरवलं, मग टेबलावर बसवलं. हा मागे लागलेला, मला उडू द्या. शेवटी एका रात्री मॉस्किटो विमान घेऊन गेला आणि परतताना या गावाजवळ पडला. का पडला यावर अजून वाद घालतात. वय सव्वीस. माझा धाकटा आत्ता सत्तावीसचा आहे, परवाच फोनवर विचारत होता की वॉशिंग मशीनमध्ये पांढरे कपडे वेगळे टाकायचे का.

गाव तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होतं. तरी लोकांनी दोघांना पुरलं. आज गिब्सनच्या नावाचा रस्ताही आहे तिथे.

तर, फुलांचं. निघताना आजींनी झारी माझ्यापुढे केली. पावसात पाणी काय घालायचं असं मनात आलं, पण घेतली. आधी गिब्सनकडे घातलं, मग वॉरिककडे. वॉरिककडे जरा जास्तच, त्याचं नाव कोण घेतं? झारी रिकामी झाली तशी आजींनी ती माझ्या हातून घेतली आणि पुन्हा भरायला नळाकडे गेल्या.

कॉमेंट मी उडवलेली नाही. दिवाळीला ये, समोरासमोर भांडू.