बर्फाने टाकी घासली जात नाही

मोटरहोमवाल्यांच्या, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी घेऊन फिरणाऱ्यांच्या, फोनवर एक मेसेज सारखा फिरत असतो. त्यात चार सल्ले असतात. सांडपाण्याची जोडणी मिळाली की मैल्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवा, फ्लशला पाणी बेताने वापरा, टाकी घासायला कमोडमधून पिशवीभर बर्फ टाकून गाडी फिरवा, आणि वास आलाच तर ब्लीच ओता. पहिले दोन मी इमानेइतबारे पाळले, म्हणून हे लिहितोय.

व्हॉल्व्ह उघडा ठेवला की सगळं आपसूक वाहून जाईल असं वाटतं. वाहून जातं ते फक्त पाणी. घरी कमोडखाली उताराचा पाइप असतो आणि दर फ्लशला पाण्याचा लोंढा येतो. इथे खाली जवळजवळ सपाट तळाची टाकी, वरून तांब्याभर पाणी. पाणी निसटतं, घट्ट भाग कमोडच्या बरोबर खाली बसतो आणि वाळतो. तीन आठवड्यांनी एका सकाळी मी फ्लशचं पेडल दाबलं तर पाणी खाली जाईना. टॉर्च मारून पाहिलं तर वीतभर खाली ढिगाचं टोक दिसत होतं! टाकी पाण्याने भरायची, रात्रभर मुरू द्यायची, गाडी हिंदकळवायची, मग रिकामी करायची, असं तीनदा केल्यावर तो ढीग सुटला.

तेव्हा व्हॉल्व्ह बंदच ठेवा. टाकी दोन-तृतीयांश भरली की एकदम उघडा. तेवढं पाणी एका झटक्यात निघालं तरच मैला ओढून नेतं. कमी भरली असेल तर बादलीने पाणी घाला. आधी मैल्याची टाकी, मग सिंक-शॉवरची, म्हणजे साबणाचं पाणी सांडपाण्याचा होज धुऊन काढतं. व्हॉल्व्ह लावल्यावर कमोडमधून बादली-दोन बादल्या पाणी सोडा. पुढचा मैला कोरड्या तळावर पडता कामा नये.

पाण्याची काटकसर करायची तर भांडी घासताना करा, इथे नको.

आता बर्फ. बर्फ पाण्यावर तरंगतो आणि घाण चिकटलेली असते तळाला; वर तरंगणारा तुकडा तळ घासणार कसा? टाकी जवळजवळ रिकामी असेल तर खडे थोडे इकडेतिकडे घरंगळतात, पण त्यांना वजन नाही आणि ते वितळतातही. गाडी हलवण्याचा सल्ला मात्र खरा आहे. टाकीत पुरेसं पाणी आणि थोडा भांड्यांचा लिक्विड साबण घालून प्रवास करा. काम पाण्याच्या हिंदकळण्याने होतं, बर्फाचे पैसे वाचतात.

ब्लीचचा सल्ला मात्र धोक्याचा आहे. लघवीतून तयार होणाऱ्या अमोनियाशी ब्लीच मिसळलं की क्लोरामाइन हा विषारी वायू तयार होतो, तोही एवढ्याशा बाथरूममध्ये, तुमच्या नाकाखाली. शिवाय मैला पचवणारे जिवाणू मरतात. ब्लीचची जागा आहे पिण्याच्या पाण्याची टाकी निर्जंतुक करताना: 60 लिटरला साधारण 60 मिली, बिनवासाचं. फिल्टर काढून ठेवा, प्रत्येक नळाला वास येईपर्यंत पाणी सोडा, रात्रभर राहू द्या, मग वास जाईपर्यंत धुऊन काढा.

आणि वास? तो बऱ्याचदा टाकीत अडकलेला नसतो, वाट मिळाल्याने वर आलेला असतो. गाडी बरेच दिवस उभी असेल तर सिंकखालच्या वळणदार पाइपमधलं पाणी वाळतं, पेलाभर ओता. छतावरच्या व्हेंटमध्ये घरटं किंवा पानं नाहीत ना, बघा. रात्री कमोडच्या भांड्यात थोडं पाणी राहू द्या. सकाळी भांडं कोरडं दिसलं तर खालचं रबरी सील गेलंय.